भोंगा अहमदपुरात, इशारा दूरच्या शहरात

अहमदपूर, प्रतिनिधी – रात्री दोनच्या सुमारास अहमदपुरातील एखाद्या एटीएमच्या तिजोरीला कोणी गॅस कटर लावला, तर त्याची पहिली खबर बहुधा अहमदपुरात कोणालाच नसते. ती असते शेकडो किलोमीटर अंतरावरील एका देखरेख केंद्रात, पडद्यांच्या रांगेसमोर बसलेल्या कर्मचाऱ्याकडे. त्याने हे गाव कधी पाहिलेले असण्याची शक्यता कमीच. तरीही त्यानंतरच्या काही मिनिटांत तो काय करतो, यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

दाराशी स्टुलावर बसलेला रखवालदार अनेक एटीएमवरून केव्हाच दिसेनासा झाला. त्याची जागा कॅमेरे, संवेदक आणि मोबाईल जोडणीने घेतली आहे. रिझर्व्ह बँकेने १४ जून २०१९ रोजी काढलेल्या परिपत्रकात, अतिसुरक्षित आवारातील यंत्रे वगळता सर्व एटीएम ३० सप्टेंबर २०१९ पर्यंत भिंतीत, खांबात वा जमिनीत पक्की बसविण्यास बँकांना सांगितले. वेळेवर इशारा मिळावा व तातडीने हालचाल व्हावी, यासाठी सर्वंकष इलेक्ट्रॉनिक देखरेखीचा विचार करावा, असेही त्यात म्हटले होते. यंत्र जमिनीत पक्के बसविणे हे गवंड्याचे काम. इशारा योग्य माणसापर्यंत पोहोचविणे मात्र त्याहून बरेच अवघड.

कारण केंद्रात इशारे सतत येत असतात. दार उघडे राहिले, दिवा बंद पडला, वीज गेली, बॅटरी उतरली, यंत्र हादरले, आतील तापमान वाढले, अशा प्रत्येक घटनेचा संदेश पडद्यावर उमटतो. वळवाच्या पावसात तारा तुटून तालुक्याची वीज गेली, की तिथल्या सगळ्या यंत्रांचे इशारे एकदमच धडकतात. त्यातील बहुसंख्यांचा चोरीशी काडीचाही संबंध नसतो. आले त्या क्रमाने ते हाताळायचे ठरविले, तर खरा इशारा तिसाव्या क्रमांकावर ताटकळत राहील.

याचे भान जगाला आले ते तेल शुद्धीकरणाच्या कारखान्यातून. ब्रिटनमधील मिलफर्ड हेवन येथे २४ जुलै १९९४ रोजी झालेल्या स्फोटात २६ जण जखमी झाले. स्फोटापूर्वीच्या अवघ्या अकरा मिनिटांत दोन कर्मचाऱ्यांपुढे २७५ इशारे आले होते. यंत्रणा ओरडत होती, पण नेमके काय म्हणते आहे हे कळण्याची सोय नव्हती. पुढे अशा नियंत्रण कक्षांसाठी ब्रिटनमध्ये मार्गदर्शिका तयार झाली. एकूण इशाऱ्यांपैकी सर्वाधिक तातडीचे सुमारे ५ टक्के, मध्यम १५ टक्के व उरलेले ८० टक्के कमी तातडीचे असावेत, असा ढोबळ दंडक तिने रूढ केला. सगळेच तातडीचे ठरविले, तर काहीच तातडीचे उरत नाही.

एटीएमच्या बाबतीत प्राधान्य ठरते ते इशाऱ्यांच्या जुळणीवरून. नुसता हादरा म्हणजे शेजारून गेलेला मालमोटारीचा धक्का असू शकतो. आपल्या नागपूर-तुळजापूर महामार्गावर तशा मोटारींना तोटा नाही. मात्र मध्यरात्रीनंतर दार उघडणे, पाठोपाठ हादरा आणि वाढते तापमान असे तिन्ही एकत्र आले, तर शंकेला जागा कमी. अशा वेळी कर्मचारी कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहतो, ध्वनिक्षेपकावरून हटकतो आणि भोंगा वाजवितो. रोकड भरणारी गाडी ठरल्या वेळी आली असेल, तर तेच इशारे निरुपद्रवी ठरतात; म्हणून त्या गाड्यांचे वेळापत्रक केंद्राकडे असावे लागते.

आणखी एक बाब सहज नजरेतून सुटते. चोरटे प्रथम कॅमेऱ्यावर काळा रंग फवारतात किंवा जोडणी तोडतात. त्यामुळे यंत्राने ठराविक अंतराने ‘मी ठीक आहे’ असा संदेश पाठवीत राहणे आणि तो थांबला की त्यालाच इशारा मानणे आवश्यक असते. शांतता ही नेहमी सुखाची नसते.

खरी कसोटी यापुढे लागते. राज्यात ११२ या क्रमांकावर केलेले दूरध्वनी नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत घेतले जातात आणि तेथून घटना संबंधित जिल्ह्याकडे व गस्तीच्या वाहनाकडे पाठविली जाते. पण देखरेख केंद्र परराज्यात असेल, तर तेथून फिरविलेला ११२ त्या राज्याच्या केंद्रात लागतो. म्हणून अशा केंद्राजवळ लातूर जिल्हा पोलीस नियंत्रण कक्षाचे व संबंधित पोलीस ठाण्याचे थेट क्रमांक हवेत, आणि तेही अधिकाऱ्याचे वैयक्तिक नव्हे, ठाण्याचे. अधिकाऱ्याची बदली होते, ठाणे जागेवरच राहते.

पत्त्याचा घोळ वेगळाच. ‘शिरूरचे एटीएम’ एवढे सांगून भागत नाही. अहमदपूर तालुक्यात शिरूर ताजबंद आहे, लातूर जिल्ह्यातच शिरूर अनंतपाळ आहे, बीडमध्ये शिरूर कासार, तर पुणे जिल्ह्यात नुसते शिरूर. तालुक्यातील किनगावला स्वतंत्र पोलीस ठाणे असल्याने गाव कळले तरी हद्द कळतेच असे नाही. यंत्राच्या नोंदीत गाव, तालुका, ठाणे आणि ‘बसस्थानकासमोर’ यांसारखी खूण आधीच भरलेली असेल, तर घाईत विचारपूस करण्याची वेळ येत नाही.

निरोप दिला म्हणजे काम संपले असेही नाही. पोलिसांकडून पोहोच मिळाली का, याची नोंद हवी. ठरलेल्या मिनिटांत ती आली नाही, तर इशारा आपोआप वरिष्ठाकडे गेला पाहिजे. उलट, पडताळणी न करता प्रत्येक हादऱ्याला पोलिसांना धावायला लावले, तर चौथ्या खेपेस गाडी सावकाश निघेल. त्यात पोलिसांना दोष देता येणार नाही.

बँकांच्या शाखाधिकाऱ्यांना यात करता येण्याजोगे एक काम आहे. ठाण्याला पूर्वकल्पना देऊन, रात्रीच्या वेळी, आपल्या यंत्राचा इशारा एकदा मुद्दाम वाजवून पाहावा आणि ठाण्यातला दूरध्वनी किती मिनिटांनी खणखणतो, हे घड्याळ लावून टिपावे. नागरिकांनी बंद एटीएममधून भोंगा ऐकला, तर जवळ जाऊन डोकावण्याऐवजी लांबूनच ११२ फिरवावा. अहमदपुरातून लावलेला तो दूरध्वनी राज्याच्याच केंद्रात लागतो.