सोलापूर–मुंबई : आकाशातले 360 किलोमीटर

नकाशावर दोन गावांमध्ये सरळ रेघ ओढून हवाई अंतर काढायचा नाद मला फार वर्षांचा. सोलापूर–मुंबईची रेघ भरते सुमारे 360 किलोमीटर. रेल्वेने हेच अंतर 455, म्हणजे सिद्धेश्वर एक्सप्रेसची एक अख्खी रात्र. फेब्रुवारी 2023मध्ये वंदे भारत आली, तरी साडेसहा तास लागतातच. होटगी रोडचा विमानतळ तर जुनाच. किंगफिशरची सेवा तिथून काही काळ चालली आणि बंद पडली. मग ही रेघ इतकी वर्षं अडली कुठे?

सोलापुरात या प्रश्नाचं उत्तर एकच मिळे : चिमणी. विमानतळाजवळच्या कुमठ्यातल्या सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी नव्वदेक मीटर उंच होती. विमानतळाभोवती चार किलोमीटरपर्यंत धावपट्टीच्या पातळीपासून 45 मीटरवर एक अदृश्य छत धरतात. त्याच्या वर काही जाऊ नये, हा आंतरराष्ट्रीय दंडक. चिमणी त्या छताच्या जवळपास दुप्पट उंच होती.

वाद पेटला तो इथून. महापालिकेने चिमणी बेकायदा ठरवली, कारखाना कोर्टात गेला. विमानसेवेसाठी शहरातले लोक उपोषणाला बसले, तर कारखान्याचे नेते धर्मराज काडादी यांच्या नेतृत्वाखाली सभासद शेतकरी रस्त्यावर उतरले. शेतकऱ्यांचं म्हणणं मला आजही रास्त वाटतं. चिमणी गेली की बॉयलर थंड, आणि बॉयलर थंड तर शेतात उभा असलेला ऊस कुठे न्यायचा? ज्यांना विमानाचं तिकीट कधी काढायचं नव्हतं, त्यांच्याच गळीत हंगामावर शहराच्या विमानाचा भार पडत होता. अखेर 15 जून 2023 रोजी कडक पोलीस बंदोबस्तात चिमणी पाडली. उभी करायला सभासदांचा पैसा लागला होता, पडायला काही सेकंद पुरले.

पण मला खरी गोष्ट सापडली ती पुढच्या तारखांत. विमानतळाचं उद्घाटन झालं 29 सप्टेंबर 2024 रोजी. पहिलं प्रवासी विमान उडालं 9 जून 2025 रोजी, फ्लाय 91चं, तेही गोव्याला. मुंबईची सेवा स्टार एअरने सुरू केली ऑक्टोबर 2025मध्ये, आणि त्या मार्गावरची तूट भरून द्यायची तयारी राज्य सरकारला दाखवावी लागली. म्हणजे चिमणी पडल्यावरही मुंबई सव्वादोन वर्षं दूरच होती. धावपट्टीची कामं, परवाने, मुंबईच्या गजबजलेल्या विमानतळावर उतरायची वेळ, तोटा सोसणारी कंपनी : यातलं काहीच चिमणीने अडवलं नव्हतं. दोष मात्र सगळा तिच्या माथी मारला गेला, कारण ती लांबून दिसत होती.

चिमणी जाणं नियमाने भागच होतं. पण तिचा आराखडा कागदावर होता तेव्हाच कोणी हरकत घेऊन काम थांबवलं असतं, तर सभासदांचं नुकसान टळलं असतं. सोलापूरजवळच्या बोरामणीला नव्या विमानतळासाठी जमीन घेऊन ठेवली आहे, ती वनजमीन आणि माळढोक पक्ष्याच्या प्रश्नात अडकली. तोवर भिस्त होटगी रोडवरच, आणि शहर तर त्याच बाजूला वाढतं आहे. उद्या त्या छताला भिडेल ती एखादी रहिवासी इमारत असेल. तिच्या बांधकाम परवान्यावर सही करण्याआधी महापालिकेने 45 मीटरचा हिशेब मांडला पाहिजे. घरं पाडून विमान उडवायची पाळी सोलापूरवर येता कामा नये.