टोल ‘भरला’ला इंग्रजीत काय म्हणायचं?



आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आहे. तरीही शब्दार्थाची वही घडाघडा म्हणणारं मूल चार वाक्यं बोलायची वेळ आली की गप्प होतं. नाहीतर म्हणतं, ‘माय फादर फिल्ड द टोल.’

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरचा सोमाटणे फाट्याचा टोलनाका इथल्या मुलांच्या ओळखीचा. ‘टोल’ हा शब्द त्यांना शिकवावा लागत नाही. गाडी अडते ती ‘भरणे’पाशी. वहीत लिहिलेलं असतं, फिल म्हणजे भरणे. हंडा भरला तर फिल, मग टोल भरला तर का नाही? मुलाचा तर्क अगदी सरळ आहे, आपण दिलेली जोडीच अपुरी आहे.

हा एकच शब्द घेऊन बघा. टोल, फी, बिल भरतो तिथे ‘पे’. फॉर्म भरतो तिथे ‘फिल इन’. शाळा सातला भरते, म्हणजे ‘द स्कूल स्टार्ट्स ॲट सेवन’. आठवडी बाजार भरतो, ‘द मार्केट इज हेल्ड’. आणि आई रागे भरली तर ‘स्कोल्डेड’! ‘लागणे’चं तर विचारूच नका. भूक लागते, ठेच लागते, फाट्यावर टोल लागतो आणि घाटात कुणाला गाडी लागते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यातही अशा क्रियापदांना एका अर्थावर भागवलेलं नाही. आपण मात्र वहीच्या एका ओळीत भागवतो.

उलट बाजूनेही तेच. ‘पे म्हणजे पैसे देणे’ पाठ केलेल्या मुलाला ‘पे अटेन्शन’ कसं कळावं? तिथे लक्ष द्यायचं असतं. बातम्यांत ‘डेथ टोल’ येतं तेव्हा ते नाक्याचा विचार करतं. हा शब्द तोच आहे हं! टोल म्हणजे कर, त्यावरून मोजावी लागलेली किंमत, आणि त्यावरून मृतांचा आकडा. एवढं सांगितलं की दोन्ही अर्थ लक्षात राहतात.

म्हणून वहीत एकटा शब्द लिहून घेऊ नका, सोबत्यासह लिहून घ्या: ‘पे द टोल’, ‘पे द फीज’, ‘फिल द बकेट’. खाली मुलाच्या घरातलं एक वाक्य. रोज वीस शब्दांचा हट्ट मला पटत नाही, असे तीन पुरेत. पाठ केलेलं किती लवकर विसरतं, हे एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्येच मोजून दाखवलं होतं. तेव्हा दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा विचारा, वही मिटून.

पालकहो, यासाठी तुम्हाला इंग्रजी यायलाच हवं असं नाही. तुम्ही मराठी वाक्य म्हणा, मुलाने इंग्रजीत सांगावं, मग वही उघडून दोघांनी ताडून बघावं. आज रात्री जेवताना ‘शाळा किती वाजता भरली?’ पासून सुरुवात करा.