सर्व लाइन व्यस्त आहेत

‘या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत.’ परगावी फोन लावताना हे वाक्य ज्यांनी वारंवार ऐकलं, त्यांना वाटायचं, कुठेतरी बिघाड झालाय. पण कुठलंही एक्स्चेंज सगळ्यांनी एकदम फोन उचलला तर पुरेल, असं बांधलेलंच नसतं. गर्दीच्या वेळी शंभरातले किती फोन परत गेले तर चालतील, हे आधी ठरवायचं आणि त्यावरून लाइन किती टाकायच्या ते काढायचं, अशी ती रीत. त्यासाठी लागणारं सूत्र आग्नर क्रारूप एरलँग या डॅनिश गणितज्ञानं १९१७ मध्ये मांडलं. रांगांच्या गणिताची सुरुवात त्यांच्यापासूनच धरतात.

एरलँग यांचा जन्म १ जानेवारी १८७८चा, जटलंडमधल्या लोनबोर्ग गावातला. वडील गावच्या शाळेत मास्तर. लहानपणी दोघे भाऊ समोरासमोर बसून एकच पुस्तक वाचायचे; भाऊ सुलट बाजूनं, आग्नर उलट बाजूनं. कोपनहेगन विद्यापीठातून १९०१ मध्ये गणितातली पदवी घेऊन त्यांनी काही वर्षं शिकवण्यात घालवली. गणितज्ञांच्या बैठकांना मात्र ते न चुकता जात. तिथे त्यांची ओळख योहान येन्सन यांच्याशी झाली. ज्यांच्या नावाची असमानता आज गणिताचे विद्यार्थी शिकतात, तेच हे येन्सन, आणि पोटापाण्यासाठी ते कोपनहेगन टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते! त्यांच्यामुळे एरलँग १९०८ मध्ये त्याच कंपनीत दाखल झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

कंपनीचा प्रश्न रोकडा होता. लाइन जास्त टाकल्या तर तांबं वाया जातं, कमी टाकल्या तर गिऱ्हाईक ताटकळतं. मग नेमक्या किती टाकायच्या? १९०९च्या निबंधात एरलँग यांनी दाखवलं की फोन एकमेकांशी संबंध नसल्यासारखे, कधीही येत असतील, तर ठरावीक वेळात किती येतील याची संभाव्यता पॉयसाँ वितरण या सूत्रानं काढता येते. कोण केव्हा फोन करील हे सांगता येत नाही, पण सगळ्यांचे मिळून किती येतील याचा अंदाज बांधता येतो.

१९१७च्या निबंधातली युक्ती जिन्यासारखी आहे. दोन लाइन चालू असणं ही एक पायरी, तीन चालू असणं ही वरची. दिवसभरात या दोन पायऱ्यांमध्ये जितक्या वेळा चढणं होतं, जवळजवळ तितक्याच वेळा उतरणं होतं. दुसरं काही होऊच शकत नाही. नवा फोन आला की चढ, कुणी रिसीव्हर ठेवला की उतार. प्रत्येक पायरीला हा जमाखर्च जुळवत गेलं, की सगळ्या लाइन भरलेल्या असण्याची संभाव्यता हाती येते.

सूत्रात आकडे घालून बघा. एकच लाइन आहे, आणि सगळ्यांना बोलू दिलं तर तासात मिळून अर्धा तास बोलणं होईल इतके फोन येताहेत. लाइन तर निम्मी रिकामीच राहील, असं वाटतं. प्रत्यक्षात तीनातला एक फोन परत जातो. आता लाइन दहा करा, फोनही दहापट करा. दर लाइनमागे भार तेवढाच, पण परत जाणारे फोन शंभरात दोनदेखील नाहीत. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा विश्वास न बसून पुन्हा मांडलं. दहा लाइन एकमेकींच्या मदतीला येतात. एकीवर गर्दी असते तेव्हा बहुधा दुसरी रिकामी असते, आणि फोनला कुठलीही चालते. दहा घरांनी दहा वेगळ्या लाइन घेण्यापेक्षा दहांचा एक गट करणं इतकं फायद्याचं का, याचं उत्तर इथे आहे. मोबाइलच्या टॉवरवर किती वाहिन्या हव्यात हेही याच सूत्रानं काढतात.

हे सगळं करणारा माणूस खुर्चीला चिकटलेला नव्हता. केबलमधून गळणारे प्रवाह मोजायला एरलँग स्वतः कोपनहेगनच्या रस्त्यांवरच्या मॅनहोलमध्ये उतरत. सोबतीला शिडी घेतलेला एक कामगार. लग्न त्यांनी केलं नाही. पुस्तकं जमवली. अडलेनडले लोक मदतीसाठी थेट त्यांच्या प्रयोगशाळेत येत, आणि ते गाजावाजा न करता त्यांना पैसे देत.

जवळपास वीस वर्षांच्या नोकरीत आजारपणाची रजा न घेतलेले एरलँग १९२९च्या जानेवारीत पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल झाले आणि ३ फेब्रुवारीला गेले. वय ५१. टेलिफोनच्या भाराच्या एककाला १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीनं त्यांचं नाव दिलं: एक लाइन तासभर अखंड चालू राहिली, तर तिच्यावरचा भार एक एरलँग. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतला एक संशोधक तर त्यांचे निबंध मुळातून वाचता यावेत म्हणून डॅनिश शिकला, असं सांगतात.