बारा तासांत पाव पृथ्वी

घड्याळ कळमनुरीचे धरू. रविवार, ७ डिसेंबर १९४१. आजच्या भारतीय वेळेने रात्रीचे साडेदहा वाजत आलेत. कळमनुरी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात. शिवारात रब्बीची ज्वारी उभी आहे.

नेमक्या याच वेळी मलायाच्या ईशान्य टोकाला, कोटा भारूच्या किनाऱ्यावर, मध्यरात्र उलटून सोमवार लागला होता आणि खवळलेल्या समुद्रातून जपानी सैनिकांच्या होड्या काठाकडे निघाल्या होत्या. उतरणारे सैनिक होते सुमारे ५,०००. वाळूत काटेरी तारा, मागे मशीनगनची ठाणी आणि त्यांत हिंदी लष्कराचे डोग्रा जवान. तारांपाशी अडकलेले जपानी सैनिक हातांनी वाळू उकरून तारेखालून सरकत होते. किनाऱ्याच्या मागे विमानतळ होता आणि त्याच्या राखणीला होती आपल्याच संस्थानाच्या फौजेतली पलटण, फर्स्ट हैदराबाद इन्फंट्री. तिने राखलेल्या धावपट्टीवरून ऑस्ट्रेलियन वैमानिकांची हडसन विमाने उडाली आणि त्यांनी तिन्ही जपानी वाहतूक जहाजांवर बाँब टाकले. त्यांतले अवाजिसान मारू कायमचे गेले.

पर्ल हार्बरवर अजून एकही बाँब पडलेला नव्हता. तो पडला कळमनुरीच्या घड्याळात मध्यरात्रीला बारा मिनिटे उरली असताना, म्हणजे सव्वा तासाने. सहा विमानवाहू नौका, दोन लाटांत ३५३ विमाने, जेमतेम दोन तास आणि २,४०३ अमेरिकी मृत. त्यांतले १,१७७ एकट्या ॲरिझोना युद्धनौकेवरचे.

रात्री दोन-अडीचच्या सुमारास १७ जपानी विमाने सिंगापूरवर आली. शहराचे दिवे जळतच होते. ६१ माणसे मेली. पहाटेच्या आत सयामच्या (आजच्या थायलंडच्या) किनाऱ्यावर जपानी उतरले, ग्वाम बेटावर बाँब पडले. मग हाँगकाँग, मग वेक बेट. सकाळी दहाच्या सुमारास फिलिपिन्समधल्या क्लार्क विमानतळावर हल्ला झाला आणि अमेरिकेच्या तिथल्या अवजड बाँबफेकी विमानांपैकी जवळपास निम्मी जमिनीवरच जळाली. बारा तासांच्या आत आठ ठिकाणी युद्ध सुरू झाले. कोटा भारूपासून हवाईपर्यंतचे अंतर दहा हजार किलोमीटरहून जास्त. पृथ्वीचा घेर चाळीस हजार. म्हणजे पाव पृथ्वी एका रात्रीत पेटली.

आणि हा झाला फक्त नवा वणवा. जुना विझलेला नव्हता. त्याच सोमवारी मॉस्कोसमोर सोव्हिएत प्रतिहल्ल्याचा चौथा दिवस होता, आणि रशियातल्या जर्मन फौजांनी बचावात्मक पवित्रा घ्यावा, हा हिटलरचा आदेश त्याच तारखेचा. लेनिनग्राडच्या वेढ्याला त्या दिवशी बरोबर तीन महिने झाले. तिथे मुलांना आणि घरातल्या न कमावत्या माणसांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. लिबियात टोब्रुकपासून जर्मन सेनापती रोमेलची फौज मागे हटू लागली होती. त्या मोहिमेत हिंदी लष्कराची चौथी डिव्हिजन लढत होती. पोलंडमध्ये चेल्म्नो इथे बंद गाड्यांत विषारी वायू सोडून ज्यूंना मारायला त्याच दिवशी सुरुवात झाली. पुढे त्या एका जागी दीड लाखांहून जास्त माणसे मारली गेली.

वॉशिंग्टनमध्ये सिनेटने ८२ विरुद्ध ० आणि प्रतिनिधिगृहाने ३८८ विरुद्ध १ मतांनी जपानविरुद्ध युद्ध जाहीर केले. त्यावर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली तेव्हा कळमनुरीत मंगळवारची पहाट व्हायची होती.

कोटा भारूचा विमानतळ सोमवारी संध्याकाळी सोडावा लागला. माघारीच्या गोंधळात हैदराबाद पलटणीचे कमांडिंग अधिकारी मारले गेले. सत्तर दिवसांत, १५ फेब्रुवारी १९४२ रोजी, सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक कैदेत गेले.

हा दिवस जगाने पर्ल हार्बरच्या नावाने लक्षात ठेवला. तिथले दुःख लहान नव्हते. पण पॅसिफिकच्या युद्धाची पहिली गोळी हवाईत नव्हे, मलायाच्या वाळूत सुटली, आणि ती झेलायला उभे होते डोग्रा खेड्यांतले शेतकऱ्यांचे पोरगे. त्यांच्या पाठीशी आपल्या संस्थानाचे शिपाई होते. ज्या देशाला हे युद्ध हवे की नको, असे कुणी विचारलेच नव्हते, त्या देशाने पुढे पंचवीस लाखांची फौज उभी केली आणि सुमारे ८७,००० माणसे गमावली. मराठवाड्यातल्या शाळांत दुसरे महायुद्ध शिकवताना फळ्यावर पहिले नाव कोटा भारूचे लिहावे. सव्वा तासाचा हा फरक आपल्या माणसांचा आहे, आणि तो आपणच मोजला पाहिजे.