हिंजवडीच्या कडेला कोवर्किंग

कोवर्किंग म्हणजे ज्यांचे मालक वेगळे, धंदे वेगळे आणि कामाच्या वेळाही वेगळ्या, अशा माणसांनी एका छताखाली भाड्याच्या टेबलावर बसून आपापले काम करणे. टेबल, खुर्ची, वीज, इंटरनेट, चहा आणि मीटिंगची खोली सामाईक असते. काम ज्याचे त्याचे. सभासद महिन्याचे किंवा दिवसाचे पैसे भरतो आणि नको झाले की सोडून जातो. चालकाने जागेचा करार मात्र तीन-पाच वर्षांसाठी केलेला असतो. या धंद्यातले बहुतेक प्रश्न या दोन मुदतींच्या तफावतीतून येतात.

आज ज्या अर्थाने हा शब्द वापरतात, त्या अर्थाचे पहिले केंद्र ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रॅमरने सुरू केले. ‘स्पायरल म्यूज’ या महिला गटाची जागा त्याने आठवड्यातून दोन दिवसांसाठी, महिना ३०० डॉलरने घेतली. त्या दोन दिवशी सकाळी घडीची टेबले मांडायची, संध्याकाळी उचलून ठेवायची. पहिला महिनाभर कोणीही आले नाही. मग रे बॅक्स्टर नावाचा एक जण आला आणि तिथून गाडी पुढे सरकली. न्यूबर्गचा तो रिकामा महिना निभावला, कारण त्याच्या डोक्यावर भाड्याचे ओझे फार नव्हते. नव्या चालकाने या प्रसंगातून एवढे जरी घेतले तरी पुष्कळ आहे.

पुण्याला ही कल्पना परकी नाही. सदाशिव आणि नारायण पेठांतल्या अभ्यासिका याच हिशेबावर चालतात. स्पर्धा परीक्षांची मुले महिन्याची फी भरून ठरलेली खुर्ची घेतात. दोन बाजूंना प्लायचे आडोसे, समोर प्लग, डोक्यावर दिवा, पुस्तकांना लॉकर. फरक आवाजाचा. अभ्यासिकेत शांतता हाच माल असतो. कोवर्किंगमध्ये निम्म्या सभासदांना दिवसभर फोनवर बोलावे लागते. नवउद्योजकांच्या बाजूनेही पुण्यात जमीन तयार होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ साली व्हेंचर सेंटर उभे राहिले आणि प्रयोगशाळेची महागडी उपकरणे छोट्या कंपन्यांना वापरायला मिळू लागली. २००८ साली पुणे ओपन कॉफी क्लब सुरू झाला. त्याच्याकडे स्वतःची इमारत नव्हती, पण माणसे एकमेकांना भेटत होती.

जांबे हे मुळशी तालुक्यातले गाव मारुंजी, नेरे आणि पुनावळ्याच्या शेजारी, हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या कडेला आहे. मारुंजी-जांबे पट्ट्यात ‘लाइफ रिपब्लिक’सारखी सुमारे ४०० एकरांची नगरी उभी राहिली आणि शेताच्या बांधांपलीकडे टॉवर दिसू लागले. इथल्या फ्लॅटमधून आयटी पार्क अंतराने जवळ, वेळेने लांब. पुनावळ्याचा अंडरपास आणि भूमकर चौक ऐन गर्दीच्या वेळी किती वेळ खातील याचा नेम नसतो. त्यातून आठवड्यातले काही दिवस घरून काम करणाऱ्यांचा वर्ग वाढला. टू-बीएचकेत दोघांच्या मीटिंग एकाच वेळी, तिसरीकडे मुलांचा अभ्यास. अशा गावात कोवर्किंगचा पहिला गिऱ्हाईक बाणेर-बालेवाडीतल्यासारखा स्टार्टअपवाला नसतो. तो शेजारच्या सोसायटीतला नोकरदार, एकट्याने प्रॅक्टिस करणारा सीए, डिझायनर, किंवा बाळंतपणानंतर घरून कामाला लागलेली बाई असते. अशा बाईला बीनबॅगचे आकर्षण नसते. स्वच्छ स्वच्छतागृह, पार्किंगपासून दारापर्यंत उजेड आणि आत ओळखीचा चेहरा असला की ती येते.

जागा पाहताना कागद आधी पाहावेत. हा भाग पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतो. जमीन एनए (बिगरशेती) आहे का, बांधकामाला परवानगी आहे का, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळाली आहे का, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद कोणाची आहे, हे न विचारता फर्निचरचा खर्च करू नये. गुंठेवारीतल्या इमारतीचे भाडे स्वस्त पडते, पण कंपनीच्या खर्चाने येणारा सभासद तिथे बसत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. लॉक-इन शक्यतो मालकाला असावा, चालकाला नसावा. वीज व्यापारी दराने येते. पाणी टँकरचे असेल तर तो खर्च पहिल्याच दिवशी मांडावा.

इंटरनेटवर मात्र कंजुषी चालत नाही. रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने फायबर तोडली की दोन तास सगळे हात बांधून बसतात आणि सभासद तेवढेच लक्षात ठेवतो. म्हणून लाइन दोन हव्यात, त्याही वेगळ्या कंपन्यांच्या आणि शक्य तर वेगळ्या खांबांवरून आलेल्या. राउटर इन्व्हर्टरवर असावा. जनरेटर चालू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात कॉल तुटता कामा नये. दुसरी गोष्ट फोन बूथ. एक माणूस मावेल असा खोका, आतून फोम, दाराला रबराची पट्टी आणि वर हवा ओढणारा छोटा पंखा. पंखा विसरला तर दहा मिनिटांत माणूस घामाघूम होऊन बाहेर येतो आणि कॉल हॉलमध्येच घेऊ लागतो. मग सगळ्या हॉलची शांतता जाते.

पैशाचे गणित उदाहरणाने स्पष्ट होते. समजा २,००० चौरस फूट जागा, ४० खुर्च्या. भाडे, वीज, माणूस, सफाई मिळून महिना १ लाख ८० हजार खर्च. जीएसटी वगळून एका खुर्चीचे ६ हजार. ३० खुर्च्या भरल्या की खर्च निघतो. दर महिन्याला पाच सभासद वाढले तर सहाव्या महिन्यात बरोबरी होते आणि तोवर खिशातून साडेचार लाख गेलेले असतात. तीनच वाढले तर बरोबरीला दहा महिने लागतात आणि तूट ८ लाख १० हजारांवर जाते. फर्निचर आणि डिपॉझिट यात धरलेले नाही. दर हजार रुपयांनी कमी करून जेवढे साधते, त्याहून जास्त सभासद लवकर आल्याने साधते.

ते लवकर येण्याची वाट फिलाडेल्फियाच्या ‘इंडी हॉल’ने दाखवली. अ‍ॅलेक्स हिलमन आणि सोबत्यांनी आधी कॉफी शॉपमध्ये एकत्र बसून काम करण्याचा परिपाठ पाडला, गट जमला, आणि २००७ साली त्या गटासाठी जागा उघडली. जांबे गावात हेच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होऊ शकते. कमिटीची परवानगी घेऊन आठवड्यातला एक दिवस ठरवावा, दोन एक्स्टेन्शन बोर्ड आणि चहाचा थर्मास न्यावा, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळवावे. जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांच्याकडून जागा ठरण्याआधीच पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मागावेत. तोंडाने ‘नक्की येऊ’ म्हणणारे पुष्कळ असतात; पैसे भरणारे दहा निघाले तर करारावर सही करायला हरकत नाही. सही त्याआधी करणे म्हणजे दुसऱ्याच्या उत्साहावर आपले कर्ज काढणे.

त्या दहांची निवडही जपून करावी. दहाही एकाच कंपनीचे असले तर कंपनीने ऑफिसात परत बोलावताच हॉल रिकामा होतो. फुकट खुर्ची शक्यतो देऊ नये. एका दिवसाचा अनुभव द्यावा, पुढे सवलतीचा का होईना, दर घ्यावा. नुसता जीएसटी नोंदणीसाठी पत्ता मागणारे येतात. त्यातून चांगले उत्पन्न मिळते, पण कागदपत्रे तपासून, करार करून आणि टपाल नीट पोचवूनच ते काम घ्यावे. चालकाने पहिले वर्ष स्वतः तिथे बसावे. नव्या माणसाला जुन्या चौघांची ओळख करून देणे हे काम रिसेप्शनवर ठेवलेल्या मुलाकडून होत नाही, आणि माणूस दुसऱ्या महिन्याचे पैसे भरतो तो बहुतेक त्या ओळखींसाठी.

मोठ्या कंपन्यांचा मार्ग वेगळा आहे. २०१५ साली सुरू झालेली ‘ऑफिस’ (Awfis) ही कंपनी मे २०२४ मध्ये शेअर बाजारात आली. अशा कंपन्या आता अख्खे मजले सजवून बड्या कंपन्यांना देतात. २०१० साली सुरू झालेल्या वीवर्कने लांब मुदतीचे भाडेकरार करून जागा थोड्या मुदतीने विकल्या आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. जांबे गावातल्या ४० खुर्च्यांना त्या आकाराची घाई नाही. इथे दुसरा मजला घ्यायची वेळ येते ती पहिल्यावर काही महिने सलग प्रतीक्षायादी राहिली की. आणि त्या यादीतल्यांनीही आगाऊ पैसे भरलेले असावेत.