दवाखान्यातून घरी आल्यावरच खरी काळजी

‘हार्ट फेल’ म्हटले की घरच्यांचे हातपाय गळतात. हृदय बंद पडले, असाच अर्थ आपण घेतो. प्रत्यक्षात हृदयाचा पंप अशक्त झालेला असतो. रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी पडते आणि शरीरात मीठ-पाणी साचते. पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे झाले की दम कोंडतो. घरातील बाईला असा त्रास झाला तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून तो अंगावर काढला जातो.

इस्पितळात लघवीची इंजेक्शने दिली की काही दिवसांत सूज उतरते. माणूस हिंडूफिरू लागतो आणि सर्वांना वाटते, बरा झाला. मग गोळ्या बंद होतात, रोज बुडेल म्हणून फेरतपासणी चुकते. घात होतो तो इथेच.

केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात २०१३ साली दाखल झालेल्या १२०५ रुग्णांची नोंद ठेवली गेली. पहिल्या वर्षातच दर दहांमागे सुमारे तिघे दगावले, पाच वर्षांत ५९ टक्के. घरी जाताना ज्यांना योग्य ती सर्व औषधे लिहून दिली होती, ते जास्त जगले. पण असे रुग्ण थोडेच होते.

औषधांनी फरक पडतो, हे सिद्ध झालेले आहे. १९८७ च्या एका अभ्यासात अतिगंभीर रुग्णांपैकी सहा महिन्यांत शंभरात ४४ मरत होते. एनालाप्रिल घेणाऱ्यांत २६. स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू ३० टक्क्यांनी आणि या आजारासाठी दाखल होणे ३५ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली दिसले. या गोळ्या जुन्या आणि स्वस्त आहेत. डापाग्लिफ्लोझिन हे नवे औषधही पेटंट संपल्यावर स्वस्त झाले. जनऔषधी केंद्रात जरूर चौकशी करावी.

घरी एवढे पाळावे :

* बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये.
* रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. काटा नसेल तर नडगीवर अंगठा दाबून खळगा पडतो का ते पाहावे.
* पापड, लोणचे, फरसाण, खारवलेले सुके बोंबील टाळावे.
* गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नये. अशा अनेक गोळ्यांनी अंगात पाणी साचते.
* डिस्चार्जनंतर एक-दोन आठवड्यांत कार्ड घेऊन तपासणीला जावेच.

एक दिवसाचा रोज बुडेल, पण कर्ता माणूस घरात राहील. हा हिशेब प्रत्येक कुटुंबाने मांडावा.