मगर आणि मासे



गावोगावी मेळाव्यांना जाताना शाळेच्या पटांगणाकडे माझी नजर वळतेच. एका गावी १२ मुले फुटबॉलच्या सरावासाठी रांगेत उभी होती आणि चेंडू होता एकच. प्रत्येकाला अर्धे मिनिट. म्हणजे एकदा पाय लावला की पुन्हा पाळी येईपर्यंत साडेपाच मिनिटे नुसते उभे राहायचे! रांगेच्या टोकाचे पोर मातीत रेघोट्या ओढत बसले होते. मला कालव्याच्या शेपटाकडचा शेतकरी आठवला.

चेंडू पायाशी खेळवत नेण्याला ड्रिब्लिंग म्हणतात. ते नुसते पाहून येत नाही. चेंडू पायाला वारंवार लागला तरच येते. त्यासाठी परदेशात मुलांना शार्क आणि छोट्या माशांचा एक खेळ शिकवतात. आपण त्याला 'मगर आणि मासे' म्हणू.

साधारण २० मीटर लांब व १५ मीटर रुंद जागा फक्कीने आखून घ्या. ती आपली नदी. दोन मुले मधे मगरी होतील. त्यांच्याजवळ चेंडू नाही. बाकीचे मासे, प्रत्येकाच्या पायाशी एक चेंडू. मगरी "या पाण्यात!" असे ओरडल्या की माशांनी चेंडू खेळवत पलीकडच्या काठाला जायचे. मगरींनी चेंडू पायाने हद्दीबाहेर घालवायचा. अंगाला धक्का देणे वा ओढणे नाही.

नेहमीच्या रीतीत ज्याचा चेंडू गेला तो मगर होतो आणि शेवटी उरेल तो जिंकतो. पण यात कच्च्या मुलाच्या पायातला चेंडू सर्वांत आधी जातो. ज्याला सराव जास्त हवा, त्यालाच कमी! म्हणून एवढा बदल करा. चेंडू गेला की तो आणायचा, हद्दीबाहेर दोन्ही तळपाय आळीपाळीने १० वेळा चेंडूवर टेकवायचे आणि पुन्हा नदीत उतरायचे. दर दोन मिनिटांनी मगरी बदला. आपण किती वेळा काठ गाठला ते प्रत्येकाने मोजावे आणि पुढच्या खेपेस स्वतःचाच आकडा ओलांडावा.

चेंडू पायाजवळ ठेवावा, लहान लहान टोले द्यावेत, मान वर असावी. मगर जवळ आली की आट्यापाट्यांत देतो तशी हुलकावणी द्यावी. चेंडू कमी असतील तर दोघांत एक. एका फेरीला एकाने जावे, पुढच्या फेरीला दुसऱ्याने. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना चार नंबरचा चेंडू बरा.

कापणी झालेल्या ज्वारीच्या रानात मात्र खेळू देऊ नका. धसकटे पायात घुसतात. ऊन उतरल्यावर खेळवा, पाणी जवळ ठेवा. आणि मुलींनाही बोलवा.

कोल्हापुरात तालमींचे संघ फुटबॉल गाजवतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. प्रत्येक पोर तिथवर जाईल असे नाही. पण शेपटाकडच्या रानाला पाणी पोचले तरच पाटाचा उपयोग. रांगेच्या टोकाच्या त्या पोराच्या पायाला चेंडू मिळू द्या. येत्या रविवारी करून पाहा.